चौथा फर्मा

माझ्या सासूबाईंनी शेकडो कादंबऱ्या वाचल्या होत्या आणि त्यांतली एकही पुरी वाचली नव्हती. पुरी जाऊ द्या, सुरुवातसुद्धा नाही. पान एकोणपन्नास ते पान चौसष्ट, एवढाच त्यांचा प्रत्येक पुस्तकाशी संबंध.

त्या पुस्तकं बांधायच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं होत्या. छापखान्यातून मोठाले कागद यायचे. एका कागदावर सोळा पानं छापलेली, म्हणजे एक फर्मा. त्याला तीन घड्या घातल्या की पानं आपापल्या क्रमाने लागतात. मग सगळे फर्मे एकावर एक रचून शिवायचे, की झालं पुस्तक. लांब टेबलाशी बायका ओळीने बसत आणि जिची जागा जितवी, तिच्या वाट्याला तितवा फर्मा. सासूबाईंची जागा चौथी. आजारपण आणि बाळंतपण वगळता ती त्यांनी कधी सोडली नाही. कारखान्यात त्यांचं खरं नाव कोणाला ठाऊकच नव्हतं. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना 'चौथी' म्हणायचे.

हात सवयीने घड्या घालत आणि डोळे वाचत. जेवणाच्या सुट्टीतही एका हातात डबा, एका हातात फर्मा. पुढचं वाचायचं तर शेजारी पाचवीच्या पुढ्यात पाचव्या फर्म्याचा गठ्ठा असायचा, पण दुसरीच्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही हा तिथला कडक नियम. एक कागद इकडचा तिकडे झाला, तर पुस्तकात तीच पानं दोनदा येणार आणि वाचणारा सगळ्यांच्या नावाने बोटं मोडणार. त्यामुळे सुरुवात आणि शेवट सासूबाई स्वतःच करायच्या. खून कोणी केला, लग्न का मोडलं, जहाज बुडालं की पोचलं, सगळं त्याच ठरवत आणि स्वयंपाक करता करता मुलांना सांगत. माझा नवरा मोठा होऊन वाचनालयात जायला लागला, तेव्हा त्याला कळलं की आईने सांगितलेल्या एकाही गोष्टीचा शेवट पुस्तकात तसा नाही. तो अजूनही म्हणतो, आईचेच शेवट बरे होते.

घडीत फाटलेले, शाई फिसकटलेले कागद घरी नेलेले चालत. मी लग्न होऊन आले तेव्हा पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती, चौथ्या फर्म्यांनी ठासून भरलेली. मला वाटलं रद्दी. मी सरळ रद्दीवाल्याला बोलावलं. आमचं पहिलं भांडण त्या पेटीवरून झालं. मी काही मऊ बोलणारी नाही आणि त्याही नव्हत्या. तीन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता.

त्या पेटीत एक फर्मा वेगळा, कापडात गुंडाळून ठेवलेला होता. तो धाकटीमुळे.

धाकटी म्हणजे सासूबाईंची सख्खी बहीण. दोघीच बहिणी. त्यांची आई धाकटीकडे राहायची. ती शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली तेव्हा कारखान्यात शाळेच्या पुस्तकांची घाई चालली होती, बायकांना एक दिवसही सुट्टी नव्हती. आईच धाकटीला म्हणाली, थोरलीला आत्ता कळवू नको, तिचा जीव टांगणीला लागेल, घाई उरकली की बोलाव. धाकटीने ऐकलं. घाई उरकायच्या आत आई गेली. सासूबाई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. "आईचं शेवटचं तोंड पाहू दिलं नाही मला," एवढं एक वाक्य धरून त्या बसल्या. महिन्याभराने धाकटी समजूत घालायला आली, तासभर दाराबाहेर उभं राहून बोलत राहिली. सासूबाईंनी दार उघडलं नाही. ती गेली ती गेलीच. त्याला आता एकतीस वर्षं झाली, दोघींत पुन्हा एका शब्दाचं बोलणं झालं नाही.

नेमका त्याच आठवड्यात तो फर्मा टेबलावर आला होता. कादंबरीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. नाव कव्हरावर असतं आणि कव्हर त्यांच्या टेबलावर येत नसे. गोष्टीतली बाई शिवणकाम करून एकटी राहते. जिने तिला दगा दिला ती बहीण भर उन्हातून चालत तिच्या दाराशी येते, गयावया करते. बाई आतून सगळं ऐकून घेते. चौसष्टाव्या पानाची शेवटची ओळ अशी, की तिने दाराची कडी नीट बसली आहे ना ते पाहिलं आणि. तिथे फर्मा संपतो. पुढचं सासूबाईंनी स्वतः जोडलेलं: आणि ती आपल्या कामाला लागली.

कोणी धाकटीचा विषय काढला, की त्या हे ऐकवायच्या. "लिहिणारा काय वेडा होता? कडी लावली आणि कामाला लागली. बस्स." तेवीस वर्षांत मी ही गोष्ट किमान दोनशे वेळा ऐकली असेल. पहिल्या वर्षी मी एकदा म्हणाले होते, "पण आई, पुढे काय होतं ते तुम्हाला कुठे माहितीये?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की पुन्हा त्या विषयावर तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही.

आता माझं पाप सांगते. त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काचबिंदू. एक डोळा आधीच गेला होता, दुसऱ्याची आशा होती. रडायचं नाही, मनाला ताण द्यायचा नाही, डोळ्यातला दाब वाढू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून घरी पाठवलं. आठव्या दिवशी धाकटीच्या मुलाचा फोन आला. मीच घेतला. तो म्हणाला, "मावशीला सांगाल का? आईचं काही खरं नाही. सारखी म्हणतेय, ताईला बोलवा." मी म्हणाले, सांगते. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आत्ता नको. डोळा जाईल तिचा. पंधरा दिवस जाऊ देत." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं, कारण धाकटीचं नाव काढून बोलणी खायचं काम माझ्याच गळ्यात पडणार होतं. बाराव्या दिवशी दुसरा फोन आला. धाकटी गेली.

डोळाही शेवटी गेलाच. आधी आम्ही डोळ्यासाठी थांबलो. मग डोळा गेल्याच्या दुःखात भर नको म्हणून थांबलो. मग इतके दिवस का लपवलंत, याला उत्तर नव्हतं म्हणून थांबलो. अशी दोन वर्षं गेली.

दिसेनासं झाल्यावर त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या. मांडीवर नॅपकिन घ्यायच्या, त्याच्या तीन घड्या घालायच्या, उलगडायच्या, परत घालायच्या. दिवसभर. मला बघवत नव्हतं. मी एका शाळेच्या कार्यालयात कारकून आहे, सकाळची पाळी. तिथल्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, अहो, फोनवर पुस्तकं ऐकता येतात हल्ली, माणसं वाचून दाखवतात. मी वर्गणी भरली आणि सासूबाईंच्या शेजारी स्टुलावर फोन ठेवून एक रहस्यकथा लावून दिली.

पाच मिनिटांत हुकूम सुटला. "हे राहू दे. एकोणपन्नासाव्या पानावर ने."

"आई, इथे पानं नसतात. तास आणि मिनिटं असतात."

"मग दीड तास पुढे ने. सुरुवातीला नुसती ओळखपाळख करून देतात. तेवढं मला न सांगता कळतं."

थट्टा नाही, महिनाभर त्यांनी सगळी पुस्तकं अशीच ऐकली. दीड तास सोडून द्यायचा, मग अर्धा तास ऐकायचं आणि "बंद कर" म्हणून हाक मारायची. पुढचं त्या मनात करायच्या. एकदा मी मुद्दाम उठले नाही. हाक ऐकूनही भांडी घासत राहिले. गोष्ट चालू राहिली. तीन तासांनी बाहेरच्या खोलीतून आरडाओरडा.

"डॉक्टर? डॉक्टरने मारलं? मी तर भाच्याला धरून बसले होते!"

दोन दिवस त्या त्या लेखकावर चिडून होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पहिल्यापासून लाव. मला कुठे फसवलं ते बघते."

मग त्या जी सुटल्या! खून संपवून प्रेमात पडल्या, प्रेमातून समुद्रावर गेल्या. बर्फात अडकलेल्या शास्त्रज्ञ बाईसाठी त्यांनी स्वतःचे पाय शालीत गुंडाळून घेतले. मंगळावर शेती करणारं एक कुटुंब होतं, त्यातल्या सुनेचं त्यांना अजिबात पटलं नाही, आणि ते माझ्याकडे तोंड करून सांगितलं. दोन पुरुषांच्या संसाराची एक कादंबरी मी चुकून लावली आणि आता काय ऐकावं लागतंय म्हणून दारात थांबले. त्या शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, "भांडतात अगदी आमच्यासारखेच की." युद्धाच्या कादंबऱ्यांत त्यांना नेहमी हरणाऱ्यांच्या घरी काय चाललंय ते हवं असायचं. वाचणाऱ्यांना त्यांनी नावं ठेवली होती. एक सर्दीवाला, एक घाईवाली, एक पोटातून बोलणारा. पोटातून बोलणारा त्यांचा लाडका. घाईवाली लागली की म्हणायच्या, "तिला सांग, आम्ही कुठे पळून चाललो नाही."

एकदा मी विचारलं, काय मिळतं एवढं? त्या म्हणाल्या, "आधी सगळं मला माहीत असायचं. आता काहीच माहीत नसतं. मजा येते."

मला त्यांचं हसू बघून बरं वाटायचं आणि धास्तीही वाटायची. कारण ऐकता ऐकता त्यांच्यात काहीतरी सैल होत चाललं होतं. एका दुपारी दोन भावांची गोष्ट संपली आणि त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "धाकटीलाही दिसत नसेल आता नीट. आईलाही काचबिंदूच होता." एवढ्या वर्षांत त्यांनी धाकटीचा विषय आपणहून काढायची ती पहिलीच वेळ. मी कपड्यांना इस्त्री करत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी इस्त्री करत राहिले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी शाळेतून आले, जेवले आणि त्यांना एक जुनी कादंबरी लावून दिली. नव्यानेच ध्वनिमुद्रित केलेली, पोटातून बोलणाऱ्याने वाचलेली, एवढं बघूनच मी निवडली होती. शिवणकाम करणारी एक बाई होती, तिचं लहानपण, तिचं गाव सुटणं. मी कपाट आवरत अर्धवट ऐकत होते. दीडएक तास झाला असेल. अचानक मला दोन आवाज ऐकू यायला लागले. एक त्याचा आणि एक सासूबाईंचा. त्या ताठ बसल्या होत्या आणि त्याच्याबरोबर शब्द न् शब्द म्हणत होत्या. जिथे तो थांबत होता, तिथे त्या आधीच पुढे गेलेल्या असायच्या.

बहीण उन्हातून चालत येत होती. मी फोनकडे धावले. खोटं कशाला सांगू, मला ते बंद करायचं होतं. पुढे काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं, पण काहीही असलं तरी त्यानंतर त्या धाकटीबद्दल विचारणार हे मला कळून चुकलं होतं. माझी चाहूल लागून त्यांनी हात वर केला. "राहू दे."

तिने दाराची कडी नीट बसली आहे ना ते पाहिलं आणि, असं दोघं बरोबरच म्हणाले. सासूबाई थांबल्या. तो थांबला नाही. बाहेरून बहिणीच्या खोकल्याचा आवाज आला, तशी तिने कडी काढली, असं तो वाचत गेला. मग दोघी बहिणी जमिनीवर बसून जेवल्या. जेवता जेवता भांडल्या. एकीने दुसरीला नको नको ते ऐकवलं, दुसरीने ऐकून घेतलं, आणि अंथरुणं शेजारी शेजारी घातली गेली.

"मागे घे," सासूबाई म्हणाल्या. मी घेतलं. त्यांनी ते तीनदा ऐकलं. मग म्हणाल्या, "बंद कर."

त्यांनी मांडीवरचा नॅपकिन चाचपून एक घडी घातली. मग म्हणाल्या, "हातभर लांब होता गं पाचवा फर्मा. पाचवी रोज दुपारी पाणी प्यायला उठायची. मी नुसतं वाकून बघितलं असतं तरी झालं असतं."

"नियम होता ना, आई."

"नियम कसला. मला बघायचंच नव्हतं." त्यांनी नॅपकिन बाजूला ठेवला. "धाकटीला फोन लाव."

नवरा कामावर होता. घरात आम्ही दोघीच. मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि म्हणाले, "आई, मावशी नाहीत आता."

"नाहीत म्हणजे? मुलाकडे गेली का?"

"गेल्या, आई. दोन वर्षं झाली."

त्यांनी चाचपडत खुर्चीचा हात धरला. त्यांचा चेहरा मला नीट बघवला नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"त्याला?"

"त्यांनाही."

त्या मान हलवत राहिल्या. मग स्वतःच माझी सुटका करायला निघाल्या. "एकदमच गेली असणार. आजारी असती तर मला निरोप धाडला असता तिने. आईच्या वेळची चूक ती पुन्हा नाही करणार. कितीही झालं तरी."

मला गप्प बसता आलं असतं. नवरा बोलला नसता. धाकटीच्या मुलाने आम्हाला कधी दोष दिला नव्हता. माझ्या एका शब्दावर सगळं झाकलं गेलं असतं आणि सासूबाई, एकदमच गेली ती, असं म्हणत राहिल्या असत्या. पण त्यांनी धाकटीवर तेवढा विश्वास टाकला होता, तो मी कसा खोटा पाडू?

"निरोप आला होता," मी म्हणाले. "जायच्या चार दिवस आधी. तुम्हाला बोलावत होत्या. फोन मीच घेतला होता. तुम्हाला सांगितलं नाही."

"का?"

"डोळ्याचं नुकतंच झालं होतं. तुम्हाला त्रास होईल म्हणून. तुमच्या काळजीनेच, आई."

"तीही हेच म्हणाली होती," सासूबाई म्हणाल्या. "दाराबाहेर उभी राहून. तासभर हेच सांगत होती."

त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मुलाला जवळ बसवून एकदाच काय ते बोलल्या आणि तो बाहेर येऊन बराच वेळ बाल्कनीत उभा राहिला. मी ताट ठेवलं तर जेवायच्या, गोळ्या दिल्या तर घ्यायच्या. फोन स्टुलावर पडून होता, त्याला कोणी हात लावला नाही. मला एरवी कोणी अबोला धरला तर मीही दुप्पट धरते. या वेळी मी निमूटपणे फिरत होते.

पाचव्या दिवशी मी शाळेतून आले, तर चप्पल काढायच्या आत हाक आली. "इकडे ये. बस."

"आई, मी..."

"बोलू नकोस. मला तुझा राग आलाय. खूप आलाय. पण तिच्यावर रुसायला माझ्याकडे एकतीस वर्षं होती. तुझ्यावर रुसायला तेवढी आता कुठून आणू?"

आणि त्या रडल्या. डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलेले ते डोळे, त्यांत आता वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, त्यामुळे मीही रडू नका म्हणाले नाही. मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला नाही आणि मला जा असंही म्हणाल्या नाहीत.

तोंड पुसून झाल्यावर म्हणाल्या, "तिच्या मुलाला फोन लाव. शेवटी काय काय बोलली ती, सगळं ऐकायचंय मला."

मी लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून हॅलो ऐकू आलं. मग पुन्हा एकदा हॅलो. सासूबाईंचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. तो फोन ठेवून देईल अशी मला भीती वाटायला लागली.

"अरे, मी मावशी बोलतेय," त्या म्हणाल्या. "उशीर झाला रे मला यायला."